हिशेबात नसलेले हजार रुपये

बँकेने क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी लावलेल्या दाव्याचं समन्स काकांच्या मुलाने घेतलं होतं. मागच्या बाजूला बेलिफाच्या अक्षरात बजावणीची तारीख होती. आठ दिवस उलटून गेले होते, दोन उरले होते. काकांनी मात्र पिशवीतून आधी दुसराच कागद काढला. व्हॉट्सॲपवर आलेलं 'अटक वॉरंट': वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका. झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणलं होतं. कोर्टाचं समन्स पिशवीच्या तळाशी चुरगळलेलं.

"मॅडम, हे खोटं आहे का?"

"हे खोटं. ते खालचं खरं, आणि घाई त्याची आहे."

कार्डाची थकबाकी हे दिवाणी देणं आहे. हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा निकाल, झाल्यावरसुद्धा दिवाणी कैद होते ती ऐपत असून पैसे दडवणाऱ्याला. काका भोसरीच्या कारखान्यात फिटर होते, लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली, आता एका सोसायटीत सुपरवायझर, पगार २८,००० रुपये. दडवायला काही नव्हतं.

खरा कागद म्हणजे समरी दावा, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३७. साध्या दाव्यात लेखी कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या उत्तराला, तीस दिवस मिळतात, कोर्ट ते नव्वदपर्यंत वाढवू शकतं. समरीत बचाव करायलाच परवानगी लागते. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवायची आणि नोटिशीसाठी पत्ता द्यायचा. मग वादी 'समन्स फॉर जजमेंट' बजावतो, त्यानंतरच्या दहा दिवसांत प्रतिज्ञापत्र घालून बचावाची परवानगी मागायची. पहिली हजेरी चुकली तर वादपत्रातलं सगळं कबूल धरलं जातं. उशीर माफ होतो, पण त्याला सबळ कारण लागतं, आणि 'मुलाने फ्रिजवर ठेवलं होतं' हे काही सबळ कारण नव्हे. दुसऱ्याच दिवशी शिवाजीनगरला वकालतनामा आणि हजेरीची पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) दाखल केली.

मग दावा वाचायला घेतला. मागणी २,८६,२७४ रुपयांची. कार्डाच्या दाव्यात मी रक्कम शेवटी बघते, आधी तारखा. काकांनी कार्डावर शेवटचा भरणा केला १२ फेब्रुवारी २०२१ला. दावा दाखल झाला १७ मार्च २०२५ला. असा दावा लावायची मुदत तीन वर्षांची. साध्या मोजणीने दावा वर्षभरापूर्वीच मुदतबाह्य, पण इथे पुष्कळ जण घसरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२२च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला आहे. म्हणजे काकांची तीन वर्षं १ मार्च २०२२पासून धरायची, आणि ती फेब्रुवारी २०२५अखेर संपली. दावा पंधरा-सतरा दिवस उशिरा. वादपत्रात 'दाव्यास कारण' २०२३च्या मागणी नोटिशीपासून दाखवलं होतं. नोटीस पाठवून मुदत पुन्हा सुरू होत असती, तर कुठलंच देणं कधी मुदतबाह्य झालं नसतं.

इथवर बरं चाललं होतं. परिच्छेद नऊमध्ये अडखळले. 'प्रतिवादीने ०९/०१/२०२५ रोजी रुपये १,००० भरून देणे मान्य केले आहे.'

काकांनी फोन काढला, बोट वर सरकवत जानेवारीपर्यंत गेले. खरंच हजार रुपये गेले होते, यूपीआयने. खाली रिमार्कमध्ये 'पार्ट पेमेंट कार्ड ड्यूज' असं टाइप केलेलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"तो वसुलीवाला फोनवर सांगत होता तसं. म्हणाला, हजार टाका, केस होल्डवर जाते."

वसुलीवाला 'थोडं तरी टाका' म्हणतो तेव्हा त्याला पैसे नको असतात, तारीख हवी असते. मुदत कायद्याच्या कलम १९प्रमाणे मुदत संपण्याआधी काही भरणा झाला, आणि त्या भरण्याची पोच पैसे भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लेखात असली, तर भरण्याच्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात. नुसते पैसे जाऊन भागत नाही, लेखही लागतो. म्हणून तो रिमार्क सांगून टाइप करून घेतला. बँक म्हणणार, मजकूर त्यांचा, यूपीआय पिन म्हणजेच सही. आमचं म्हणणं, पिन हा पैसे हलवायचा हुकूम आहे, कर्जाची पोच नव्हे. इलेक्ट्रॉनिक सहीची व्याख्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात वेगळी दिली आहे. कोर्ट कुठल्या बाजूला झुकेल याची खात्री मी काकांना दिली नाही.

एक धोका टळला होता. समन्सनंतर बँकेच्या वसुली एजन्सीने 'सेटलमेंट विनंती अर्ज' नावाचा पानभर नमुना सहीसाठी पाठवला होता, तो कोराच होता. मुदतबाह्य देणं फेडायचं लेखी वचन सही करून दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५(३)खाली तो नवा करार ठरतो. मेलेला दावा एका सहीने उठून बसला असता.

आता रक्कम. कार्डावरचा खर्च आणि भरणा थांबला त्या दिवशीची बाकी मिळून ९२,४०० रुपये. त्यावर चोवीस महिने मीटर फिरला: व्याज १,४२,७००, लेट फी महिना ९०० प्रमाणे २१,६००, आणि या दोन्हींवर अठरा टक्के जीएसटी २९,५७४. दर महिना साडेतीन टक्के. नोव्हेंबर २०२२चं स्टेटमेंट मी पेनाने खूण करून ठेवलं. ओपनिंग बॅलन्स २,३९,६४१, व्याज ८,३८७, लेट फी ९००, जीएसटी १,६७२, सगळं मिळून २,५०,६०० आणि तोच पुढच्या महिन्याचा ओपनिंग बॅलन्स. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या कार्डविषयक निर्देशांप्रमाणे न भरलेले आकार आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवता येत नाही. ही अट १ ऑक्टोबर २०२२पासून लागू, म्हणून हा मुद्दा शेवटच्या पाच स्टेटमेंटपुरताच चालतो. त्याआधीच्या महिन्यांना तो ताणला तर उरलेले मुद्देही हलके पडतात.

तसंच 'तीस टक्क्यांवर व्याज बेकायदा' हा मुद्दा. काकांच्या भाच्याने तो इंटरनेटवरून आणला होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा तो २००८चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ला रद्द केला. तो घेतलाच नाही.

पुरावाही कच्चा होता. स्टेटमेंट म्हणजे संगणकाची प्रिंट. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र दोन भागांत लागतं, दुसरा भाग तज्ज्ञाच्या सहीचा, हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) घातलेला. दाव्यासोबत जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५बीचा छापील नमुना होता, तारखेची जागासुद्धा रिकामी.

हे सगळं प्रतिज्ञापत्रात घालून परवानगीचा अर्ज दिला. पाठोपाठ प्रकरण लोकअदालतीत ठेवलं गेलं. त्याआधी काकांना सगळ्यात वाईट काय होईल ते आकड्यात सांगितलं. हुकूमनामा झाला आणि दरखास्त (हुकूमनाम्याच्या वसुलीची कारवाई) लागली, तर पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. २८,०००मधून १,००० वजा, राहिले २७,०००, त्याचा तिसरा हिस्सा ९,०००. महिन्याला फार तर तेवढे. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीला हात लागत नाही. काकांनी हा आकडा समन्सच्या पाकिटावर लिहून घेतला. झोप लागायला तेवढं पुरलं असावं.

लोकअदालतीच्या शनिवारी टेबलावर बँकेचे वकील, एक अधिकारी आणि जाडजूड यादी. सुरुवात १,६०,०००पासून. मी तारखांचा कागद ठेवला, नोव्हेंबरचं स्टेटमेंट ठेवलं. अधिकारी ऐकून घेत होते, हलत नव्हते. मग मी खातेउताऱ्याचं शेवटचं पान उघडून एवढंच विचारलं, "जानेवारीतले हजार रुपये यात कुठे आहेत?"

ते नव्हतेच. हजार रुपये एजन्सीच्या यूपीआय खात्यात गेले होते आणि तिथेच राहिले होते. परिच्छेद नऊमध्ये मुदत वाढवायला मिळालेला भरणा हिशेबात मिळालेला नव्हता. मागणी ९ जानेवारीच्या आधीही २,८६,२७४ आणि नंतरही तेवढीच. बँकेचे वकील पान पुन्हा पुन्हा चाळत राहिले. अधिकारी फोन घेऊन जिन्यात गेले, वीस मिनिटांनी आले. १,१०,०००. मग ९०,०००. शेवटी ७८,०००, त्यात ते हजार जमा धरून: आज २५,०००, पुढचे दोन महिने २६,००० प्रत्येकी. बँकेलाही तोटा नव्हता, लोकअदालतीत मिटलं की भरलेली कोर्ट फी परत मिळते.

रकमेपेक्षा जास्त वेळ गेला तो छापील तडजोडीच्या कलम पाचवर. 'एकही हप्ता थकल्यास संपूर्ण दावा रक्कम अठरा टक्के व्याजासह वसूल करण्यात येईल.' लोकअदालतीचा निवाडा म्हणजे हुकूमनामाच, त्यावर अपील नाही, हप्ता चुकला की थेट दरखास्त. दोन महिन्यांत पगार चार दिवस उशिरा झाला असता तर काका पुन्हा पावणेतीन लाखांवर. ते खोडून हाताने लिहिलं: हप्त्याला पंधरा दिवसांची सवलत, नंतर थकल्यास ७८,०००पैकी उरलेली रक्कमच, नऊ टक्क्यांनी. प्रत्येक खाडाखोडीशेजारी दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. भरणा फक्त कार्डाच्या खात्यात, एनईएफटीने. एजन्सीच्या क्यूआरवर नाही.

सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा येणार हे आधीच सांगितलं होतं. पूर्ण रकमेपेक्षा कमी भरलं की तोच येतो, 'क्लोज्ड' येत नाही, आणि फी घेऊन तो पुसून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. बघायचं ते शेऱ्याशेजारचा थकीत आकडा शून्य झाला का.

तो झाला नाही. तिसरा हप्ता भरल्यावर ना-देय पत्र आलं, त्यावर कार्डाचे शेवटचे चार आकडे ४४१७. दाव्यातही तेच होते. पण २०२०मध्ये मुदत संपून कार्ड नवीन आलं होतं, त्याचे आकडे ९०५२, आणि सिबिलवर थकबाकी दिसत होती ती ९०५२वर. बँकेला निवाड्याची प्रत जोडून पत्र, सिबिलकडे ऑनलाइन तक्रार. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, ते पत्रात मुद्दाम लिहिलं. सव्विसाव्या दिवशी दोन्ही नंबर असलेलं पत्र आलं. मधल्या काळात एका नव्या एजन्सीचा फोन येऊन गेला होता, ९०५२साठी, "हजार तरी टाका" म्हणून. काकांनी त्याला निवाड्याचा फोटो पाठवला आणि रिमार्कमध्ये काय लिहायचं ते विचारलं.