“मडगार्ड येणार आहे, मॅडम”

सायकल घेऊन आता बरेच महिने झालेत, पण त्या दुकानावरून गेलं की अजून डोकं तापतं. दुसऱ्या कुणाचा पावसाळा असा जाऊ नये म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांना रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचंय, त्यांच्या हे फारसं कामाचं नाही. ज्यांना डबा, छत्री आणि फायली घेऊन, नेहमीच्या कपड्यांत रोज ऑफिसला जायचंय आणि पोचल्यावर चार माणसांत बसायचंय, त्यांनी वाचावं.

माझा रस्ता पुण्यातला, बावधन ते शिवाजीनगर. जाताना चांदणी चौकापासून पौड रोडला उतार लागतो, येताना तोच चढ, तोही दिवसभराचं काम करून. म्हणजे गिअर हवेतच. पुढे एक चकती, मागे सात, त्यातली सगळ्यांत मोठी ३४ दात्यांची, एवढ्यात तो चढ न उतरता पार होतो. पुढे तीन चकत्या शहरात लागत नाहीत. शिवाय एकच चकती असली की चेनकव्हर नीट बसतं आणि सलवारीला वंगण लागत नाही. पुढचा शॉकअप मी नको म्हटलं. वजन वाढतं, चढावर मारलेला जोर त्यात मुरतो, आणि स्वस्तातल्या शॉकअपला मडगार्ड लावायची भोकं बहुतेक वेळा नसतातच. ७०० × ३५ चे, म्हणजे ३५ मिलिमीटर रुंदीचे टायर आपल्या खड्ड्यांना पुरतात. फ्रेमचा साइझ, सीटची उंची हे सगळं एका दुपारी उरकलं.

अडलं ते मडगार्ड आणि कॅरियरवर.

बाबांची २२ इंची काळी ॲटलास होती. तिला मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर, दणकट स्टँड असं सगळं होतं, आणि त्याचं कुणाला अप्रूपही नव्हतं. सायकल म्हणजे तेवढं असायचंच. आता शोरूममध्ये वीस-पंचवीस हजारांची सायकल उभी असते आणि तिला साधी घंटी नसते. जर्मनीत रस्त्यावर सायकल चालवायची तर दिवे, रिफ्लेक्टर आणि घंटी कायद्यानेच लागते. आपल्याकडे या गोष्टी ‘ॲक्सेसरीज’ म्हणून वेगळ्या विकतात. ज्या शहरात वर्षाचे चार महिने पाऊस पडतो, तिथे मडगार्ड ही हौसेची वस्तू कशी काय होते?

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं : पूर्ण लांबीचे मडगार्ड, फ्रेमला बसणारं कॅरियर, स्टँड, चेनकव्हर, घंटी. कोटेशनवर ते लिहून घेतलं. आगाऊ रक्कम दिली आणि बाकीचे पैसे सगळं बसवून झाल्यावर देईन असंही तिथेच ठरवलं. सायकल मे महिन्यात आली. मडगार्ड आलं नाही. “येणार आहे मॅडम, पुढच्या आठवड्यात.” पुढच्या आठवड्यात ट्रान्सपोर्टमध्ये होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात चुकीचा साइझ आला म्हणून परत गेलं. “तुम्ही सायकल घेऊन जा ना, आलं की फोन करतो,” हे प्रत्येक वेळी. मी नेली नाही. एकदा पूर्ण पैसे देऊन सायकल घरी गेली की तो फोन येत नसतो, हे मला पुरतं ठाऊक होतं.

जून उलटला. वळवाचे पाऊस संपून खरा पाऊस सुरू झाला, मी बसच्या स्टॉपवर उभी आणि माझी सायकल त्यांच्या दुकानात कोरडी. मग एकदाचा निरोप आला, सगळं लागलंय, या.

गेले. पुढच्या चाकावर वीतभर प्लास्टिकची पट्टी, मागे सीटखालून निघालेली तशीच एक चोच. पाठीवर चिखलाचा पट्टा उठायला तेवढी फट भरपूर होते. कॅरियर सीटच्या दांड्याला क्लॅम्पने आवळलेलं. मी त्याच्या टोकाला हात ठेवून जरा दाबलं, तर ते सावकाश डावीकडे फिरलं. अशा कॅरियरवर दहा किलोच्या आसपास मर्यादा छापलेली असते, आणि खड्ड्यातून आपटताना तेवढंही ते सरळ धरत नाही. फ्रेमच्या कॅरियरवर सहसा २५ किलो लिहिलेलं दिसेल.

“या मॉडेलला फ्रेमचं कॅरियर बसतच नाही मॅडम, डिस्क ब्रेक आहे ना.”

मी खाली बसले आणि बोटाने दाखवलं. मागच्या आसाजवळ दोन्ही बाजूंना आट्यांची भोकं, वर सीटखाली आणखी दोन. दोनांत रंग भरलेला, एवढंच. ही भोकं कशासाठी आहेत, विचारलं. उत्तर नाही. मग वॉरंटी जाईल म्हणाले. तसं लेटरहेडवर लिहून द्या म्हटलं, तेही नाही. शेवटी मालकांनी मडगार्ड-कॅरियरची रक्कम बिलातून वजा केली आणि मी सायकल घेऊन बाहेर पडले. स्टँड, चेनकव्हर आणि घंटी मात्र लावून घेतली.

तिथून थेट पेठेत, एका जुन्या सायकलवाल्या काकांकडे. त्यांनी चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, यात न बसण्यासारखं काय आहे?” भोकांतला रंग आट्या पाडायचा टॅप फिरवून काढला. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबून धरणारा भाग, सीटखालून मागच्या आसाकडे उतरणाऱ्या नळीला बाहेरून होता, म्हणून कॅरियरचा पाय त्याला अडत होता. त्यांनी एका सुट्या नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापला, कानसीने घासला, फ्रेम आणि पाय यांच्यामध्ये घातला आणि आतून लांब बोल्ट आवळला. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा आहे का ते आधी बघून घेतलं, कारण लांब बोल्टवर ताण जास्त येतो. ४५ मिलिमीटर रुंदीचे पूर्ण मडगार्ड लावले. महिनोन्‌महिने “येणार” असलेलं काम समोरचा चहा येऊन संपेपर्यंत झालं होतं. मला तिथे इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा सायकल पसंत करताना रंग नंतर बघा, आधी मागे जाऊन खाली बसा. आसाजवळची आणि सीटखालची भोकं मोजा, पुढच्या चिमट्यालाही बघा. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत असलेलं मॉडेल शोधा, म्हणजे तुकड्याची भानगडच नको. रिमला दाबणारे साधे व्ही ब्रेक असतील तर हा प्रश्न येतच नाही.

आणखी एक, मडगार्ड टायरपेक्षा साधारण दहा मिलिमीटर रुंद हवं, आणि पुढच्या मडगार्डला खाली रबरी झालर लावून घ्या. ती नसेल तर पाठ कोरडी राहते आणि चपला भिजतात.

टायर बदलताना नुसतं “२६ इंची” सांगू नका, त्यात वेगवेगळ्या मापांच्या रिम येतात. टायरच्या कडेला नेमकं माप सांगणारे ३७-६२२ असे बारीक आकडे असतात, त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. व्हॉल्व्ह स्कूटरसारखा घेतलात तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते.

किमतीचं राहिलंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे. कोटेशन जुन्या दराने नाही ना ते तपासा. पंधरा-वीस हजारांच्या सायकलवर जे वाचतं, त्यात चांगला मागचा दिवा येतो. तो कॅरियरच्या टोकाला लावा. सीटखाली लावलेला दिवा सामानामागे आणि कुर्त्यामागे झाकला जातो.

नव्या चाकाचे आरे सुरुवातीला बसतात आणि चाक डुलायला लागतं, म्हणून महिनाभराने आऊट काढून घ्यायला जा. तोपर्यंत कॅरियरचे बोल्ट दर आठवड्याला ४ मिलिमीटरच्या ॲलन चावीने आवळत राहा. ब्रेकच्या बाजूचा आधी.