ग्रिलच्या फटी

मंगळवार, रात्री पावणेबारा

आम्ही बाळ दत्तक घेतोय, त्यासाठी उद्या अकरा वाजता समाजसेविका मॅडम येणार. कागदावर 'गृहभेट' आहे, घरात सगळे 'इन्स्पेक्शन'च म्हणतायत. आईंनी आज माळ्यावरची पितळी भांडी काढून चिंचेने घासली. म्हटलं, आई, त्या भांडी बघायला येत नाहीत हो. तर म्हणाल्या, "मग काय बघणार ते सांग, ते घासते."

कागदांचं एकदाचं उरकलं. काराच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या, पोर्टलवर नोंदणी करायला बसलो तेव्हा कळलं की माझ्या पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. लग्न येवल्याला झालेलं, त्याची नोंदणीच नव्हती. ती आता बारा वर्षांनी केली. साक्षीदार म्हणून सही करताना जाऊबाई हसून बेजार. मग दोघांच्या वयाची बेरीज, ३७ आणि ४१, म्हणजे ७८. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी ती ८५ च्या वर चालत नाही. लग्न ठरताना गुण जुळवले होते, आता वय.

ओळखीच्यांची दोन पत्रंही लागतात. एक समोरच्या काकूंनी दिलं, मोत्यासारख्या अक्षरात, 'अत्यंत सुस्वभावी व निर्व्यसनी दांपत्य'. ह्यांनी निर्व्यसनी वाचून खिशातली सुपारीची पुडी गुपचूप कचऱ्यात टाकली. मी बघितलं.

परवा मात्र वाजलंच. कुणीतरी सांगितलं होतं की मॅडम विचारतात, बाळाला दत्तक असल्याचं कधी सांगणार? मी म्हटलं, पहिल्यापासून, गोष्टीसारखं. हे म्हणाले, "दहावी होऊ दे. कशाला लहानपणी डोक्याला ताप?" नोंदणी, रक्ततपासण्या, सॅलरी स्लिपा, एवढं सगळं जोडीने केलं आणि ह्यावर आम्ही कधी बोललोच नव्हतो. मी सांगितलं, अठरा वर्षांचं झालं की मूल स्वतः आपल्या मुळाचा शोध घ्यायला अर्ज करू शकतं, कायद्यानेच. हे गप्प झाले, पण पटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डबा न नेता अंबडला कामावर गेले.

काल जेवताना आईंनीच विषय काढला. आपल्याला वाटायचं त्यांना हे मनातून नकोच आहे. सुरुवातीला 'नात्यातलं घ्या' म्हणायच्या. पोळी तव्यावर टाकत म्हणाल्या, "काकूंनी पत्र लिहिलं त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यापर्यंत बातमी गेली. दुधवाल्याने मला पेढे मागितले. दहावीपर्यंत थांबाल, अन् पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं थांबतील का?"

ह्यांनी अर्धी पोळी तशीच ठेवली. मग म्हणाले, "गोष्ट म्हणजे कशी सांगायची?" मलाही नीट सांगता आलं नाही. उद्या मॅडमना हे असंच सांगायचं ठरलंय, की आधी भांडलो, आता शिकतोय. पाठ केलेलं उत्तर मला तरी जमणार नाही.

मघाशी सेकंड शिफ्टहून आल्यावर ह्यांनी हातपाय धुवायच्या आधी टेप काढला. बाल्कनीच्या ग्रिलची फट पाच इंच. बाळाचं डोकं अडकेल म्हणे. गृहभेटीचा अहवाल तीन वर्षं चालतो, यादीत नंबर यायला किती लागेल देव जाणे, आणि हार्डवेअरचं दुकान केव्हाच बंद. तरी कपड्यांची जुनी नायलॉन दोरी घेऊन बाहेर बसलेत, आडव्या उभ्या गाठी मारत. आई टॉर्च धरून उभ्या आहेत आणि गाठ कशी मारावी ते सांगतायत.