मागितलं तर देतो

“जॅकेट मागितलं तर देतो, ताई, पण कुणी मागतच नाही.”

होडीत बुडण्यापासून वाचवणाऱ्या लाइफ जॅकेटबद्दल भिगवणजवळच्या एका नावाड्याने आज दुपारी फोनवर दिलेले हे उत्तर संध्याकाळ झाली तरी मनातून जात नाही.

नाताळच्या सुट्टीत सोलापूरहून पहाटे निघून मुलांना उजनीच्या जलाशयातले पक्षी होडीतून दाखवायचे ठरले आहे. म्हणून भाडे, वेळ आणि एका होडीत किती जण बसतात, हे मी वहीत टिपून घेत होते. मुलांच्या मापाची जॅकेटे आहेत का, असे विचारल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “लहान मापाची नाहीत, मोठीच घालतो. पट्टा आवळला की झालं.”

माझी धाकटी सहा वर्षांची आहे. मोठ्या माणसाचे जॅकेट पाण्यात तिच्या कानांपर्यंत वर सरकेल आणि ती त्यातून खाली निसटेल, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

याच जलाशयात २१ मे २०२४ रोजी आपल्या करमाळा तालुक्यातील कुगावहून पलीकडच्या कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती.

नावाडी मला वाईट माणूस वाटला नाही. त्याने खरे तेच सांगितले. जॅकेट आधी अंगावर आणि मगच होडीत पाऊल, असा आग्रह आपण प्रवाशांनीच कधी धरला नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

सहल रद्द करणार नाही. सोलापुरात लहान मुलांच्या मापाची चांगली जॅकेटे कुठे मिळतात, हे कुणी सांगू शकेल का?