कुलूप चालेल, पण नोंद हवी

ग्रंथालयात कामुक किंवा अश्लील ठरवलेल्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावायला माझा विरोध नाही. पुस्तकाची नोंदच न ठेवण्याला आहे. पुण्यात पेठेतल्या एका ग्रंथालयात तालिका, म्हणजे पुस्तकांची नोंदसूची, करण्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून हे तळमळीने लिहिते आहे.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाने एकोणिसाव्या शतकात कामुक पुस्तकं ‘प्रायव्हेट केस’ नावाखाली बाजूला काढली. तिथवर ठीक. अशा पुस्तकांची पानं ब्लेडने कापून नेतात, हे आम्हीही भोगलंय. पण १९६०च्या दशकापर्यंत ती सार्वजनिक तालिकेतच नव्हती! वाचकाने चिठ्ठी भरायची तरी कशाची?

हेन्री स्पेन्सर ॲशबी या व्यापाऱ्याने हे ओळखलं होतं, असं मला वाटतं. टोपणनावाने त्याने निषिद्ध पुस्तकांच्या तीन जाडजूड सूची स्वतः छापल्या. १९०० साली तो वारला. मृत्युपत्रात त्याने स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेसच्या ग्रंथांचा आपला अप्रतिम संग्रह म्युझियमला दिला होता, पण त्याबरोबर कामुक पुस्तकंही घ्यावी लागतील या बोलीवर. म्युझियमने घेतली. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात अशा विभागाला ‘आँफेर’, म्हणजे नरक, म्हणतात. त्याची सूची १९१३ मध्ये छापून आली, ती कवी अपोलिनेर आणि त्याच्या दोन मित्रांनी केलेली. वाचकांनी केलेली! १९६९ मध्ये हा विभाग बंद केला, पण अभ्यासकांची अडचण होऊ लागली म्हणून १९८३ मध्ये पुन्हा सुरू केला. २००७ मध्ये तर तिथल्या पुस्तकांचं प्रदर्शनच भरलं.

आणि आपल्याकडे? रघुनाथ धोंडो कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत निघत होतं. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या एकात तर बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. आमच्याकडे एक पीएचडीची मुलगी हे अंक मागायला आली, तेव्हा तालिकेत कार्ड नव्हतं. बांधीव खंड ऑफिसच्या कपाटात, जुन्या पावतीपुस्तकांच्या मागे निघाले. कुणी बंदी घातली नव्हती. कुणीतरी केव्हातरी आत ठेवले आणि नोंद करायचं टाळलं, एवढंच. ती मुलगी दुसरीकडे निघून गेली असती तर आम्हाला कळलंही नसतं.

ग्रंथपाल मित्रमैत्रिणींनो, ऑफिसची कपाटं एकदा उघडून बघा. सापडेल त्यावर दाखल क्रमांक घाला, कार्ड करा. त्यावर ‘ग्रंथपालांकडे मागावे’ असं लिहिलंत तरी चालेल.