कोरडे पडत चाललेले मन

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा मी दहावीत होतो आणि आजोबांशेजारी बसून रात्री उशिरापर्यंत टीव्ही पाहत असे. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये यादवी भडकली, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून गाझा होरपळू लागले आणि तोवर माझे पाहणे मोबाईलच्या पडद्यावरून अंगठा फिरवण्यापुरते उरले होते.

परवा मेसमध्ये आमटीत कडक भाकरी चुरत असताना गाझातील एका मुलाचा फोटो समोर आला. गर्दीत त्याने रिकामे पातेले दोन्ही हातांनी पुढे धरले होते आणि त्या पातेल्याची एक कड चेपलेली होती. मी तो वर सरकवला, क्रिकेटचा स्कोअर पाहिला, आणि माझा हातातला घास क्षणभरही थांबला नव्हता हे खोलीवर परतल्यावर लक्षात आले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याच सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये, जपानच्या आक्रमणाने जखमी झालेल्या चीनमध्ये पाच डॉक्टरांच्या पथकासोबत गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. (त्यांचे स्मारक मी शाळेच्या सहलीत पाहिले होते.) त्यांना चीनची जेवढी माहिती असेल, त्याहून कितीतरी अधिक गाझाविषयी माझ्या खिशात आहे, आणि तरीही मी हललो नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पहाटे तो फोटो पुन्हा शोधला, सापडला नाही.