आमची वाटचाल : काळा टायर, ओला टायर

अण्णांचं पंक्चरचं दुकान नाशिकला मुंबई-आग्रा रस्त्यावर, पाथर्डी फाट्याच्या अलीकडे होतं. पत्र्याची टपरी, एक कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं आणि पाटीऐवजी दारात टांगलेला फाटका टायर. ट्यूब घमेल्यात दाबून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं काम मी पाचवीपासून केलं. त्यामुळे टायर हा विषय आमच्या घरातलाच. तरी टायर नीट धुवायला शिकण्यात माझी कितीतरी वर्षं गेली, आणि त्यातली पहिली काही तर लोकांचे टायर खराब करण्यात गेली. हे आधीच कबूल करून टाकतो.

2009 साली अण्णांच्या टपरीशेजारीच वॉशिंग सेंटर टाकलं. एक रॅम्प, एक प्रेशर पंप, दोन पोरं. गाडी धुऊन झाली की डिझेलमध्ये थोडं जळकं ऑइल घालून ते फडक्याने टायरवर फिरवायचो. आजूबाजूला सगळीकडे हेच चालायचं. टायर असे काळेभोर चमकायचे की गिऱ्हाईक खूश, वर दहा रुपये जास्त. अण्णा टपरीतून बघायचे आणि म्हणायचे, ‘‘रबराला डिझेल पाजतोस होय? फुगेल ते.’’ मी कशाला ऐकतोय. पण चमक दोन दिवस टिकायची, तिसऱ्या दिवशी त्या तेलकट टायरवर द्वारकेपासून अंबडपर्यंतची सगळी धूळ येऊन बसायची. कायम येणाऱ्या एका द्राक्षबागाईतदाराच्या गाडीचे टायर अण्णांनी वर्षभराने बोटाने दाबून दाखवले. बगलेचं, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचं, रबर मऊ पडलं होतं. खनिज तेल रबरात मुरतं आणि रबर खरंच फुगतं. मी चार दिवस त्यांच्याशी नजर मिळवली नाही.

मग डिझेल बंद करून बाजारातलं तयार ‘टायर शाइन’ आणलं. पाच लिटरचा कॅन, वास पेट्रोलसारखा, चमक आरशासारखी. पहिल्याच आठवड्यात पांढऱ्या गाडीचे एक सर दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. मागच्या दोन्ही दारांवर चाकापासून वर काळ्या ठिपक्यांची रांग. टायरवर जास्तीचं द्रव राहिलं की चाक फिरल्यावर ते उडतं आणि थेट बॉडीवर बसतं, एवढी साधी गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. धुऊन दिलं, पैसे परत केले. त्याच महिन्यात ओळखीचा डेंटिंग-पेंटिंगवाला भांडायला आला. आमच्याकडून धुऊन गेलेल्या गाडीचं फेंडर रंगवायला घेतलं तर रंगाला जागोजागी गोल खळगे पडले. पेंटरलोक त्याला फिश आय म्हणतात. पत्र्यावर सिलिकॉनचा अंश राहिला की रंग तिथून पळतो. त्याचं दोनदा घासून रंगवायचं नुकसान झालं, मला मात्र कारण कळलं. आमच्या कॅनमध्ये काय आहे हे मी तोवर कधी वाचलंच नव्हतं.

मेहुणा रसायनशास्त्र घेऊन एमएस्सी झालेला, सातपूरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये. त्याला एका रविवारी मिसळ खाऊ घातली आणि विचारलं. त्याने सांगितलं ते आजही नव्या कामगाराला मी पहिल्या दिवशी सांगतो. टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे, आणि ती काजळी रंगासाठी नाही, रबराला ताकद यावी म्हणून घालतात. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबराला चिरा पडतात, म्हणून कंपन्या रबरात एक संरक्षक रसायन मिसळतात. ते आतून हळूहळू वर येत राहतं आणि पृष्ठभागावर हवेने तपकिरी पडतं. टायर जुना नसतानाही मातकट दिसतो त्याचं मोठं कारण हे. गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘भाऊ, नीट धुतलं नाही तुम्ही.’’ धुतलेलं असतं हो. तो तपकिरी थर नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही. ब्रशनेच घासावा लागतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा येतो. यायलाच हवा.

मेहुण्याचा सल्ला होता पाण्यात बनवलेल्या सिलिकॉन इमल्शनचा, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी मिसळून राहिलेल्या सिलिकॉनचा. पेट्रोलसारखं द्रावक नाही, चमक कमी, टायर नव्यासारखा काळा पण ओला न दिसणारा. 2013च्या पावसाळ्यात मी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन मशीद बंदरच्या केमिकल बाजारातून पहिला 20 लिटरचा ड्रम आणला. घरी बोअरच्या पाण्यात मिसळला आणि रात्रीत त्याचं दही झालं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड, त्यातल्या क्षारांनी इमल्शन फाटलं. तेव्हापासून क्षार काढलेलं पाणी विकत घेतो. दुसरा धडा पुढच्या मे महिन्यात. विकायला पॉलिशच्या चारशे बाटल्या भरून ठेवल्या होत्या, उघडल्या तर सडक्या अंड्यांचा वास. पाण्यातलं इमल्शन म्हणजे जंतूंना जेवणाचं ताट, त्यात संरक्षक घालायचं असतं हे आम्ही विसरलो होतो. बायको हिशेब बघायची. तिने त्या चारशे बाटल्यांचं नुकसान वहीत लाल शाईने लिहिलं. वही अजून आहे.

2015ला मुद्रा योजना आली, त्यातल्या ‘किशोर’ नावाच्या मधल्या गटात कर्ज मिळालं आणि अंबडला एका शेडचा कोपरा भाड्याने घेतला. सिंहस्थ होता. लाखो गाड्या येणार म्हणून दुप्पट माल भरला. शाही स्नानाच्या दिवशी बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवरच अडवलेल्या, शहरात खासगी गाडी दिसेना. शिवाय यात्रेला आलेला माणूस टायर कशाला पॉलिश करेल, हा विचार मला आधी सुचायला हवा होता. माल दसऱ्याला खपला. आमच्या धंद्याची दिवाळी दसऱ्यालाच असते. खंडेनवमीच्या संध्याकाळपासून प्रत्येक घरासमोर बादली, फडकं आणि गाडी, दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ. छोट्या बाटल्यांचा वर्षाचा बराचसा खप त्या चार दिवसांत होतो. नोटाबंदी, जीएसटी, टाळेबंदी, सगळ्यांनी जे भोगलं तेच आम्ही भोगलं, त्याबद्दल वेगळं काय लिहू.

खरी अडचण वेगळीच होती. आमचे मोठे गिऱ्हाईक जुन्या गाड्यांचे विक्रेते. त्यांना मॅट काळं नको, त्यांना ओली चमक हवी, म्हणजे चिरा लपतात. 2018मध्ये अण्णा शेडमध्ये आले असताना तसाच एक विक्रेता माल न्यायला आला. त्याच्या गाडीचे चारही टायर झगझगीत. अण्णा गुडघ्यावर बसले, अंगठ्याने पॉलिश पुसली आणि बगलेवरचे चार आकडे वाचले. 3109. म्हणजे 2009 सालचा 31वा आठवडा. नऊ वर्षांचा टायर, रस्त्याला टेकणारी नक्षी बरी, पण रिमजवळ बारीक चिरांचं जाळं. पूर्वी तीनच आकडे असायचे, 2000 सालापासून चार झाले, हे अण्णा प्रत्येकाला सांगतात. विक्रेत्यालाही सांगितलं. तो हसला आणि माल घेऊन गेला.

रात्री जेवताना अण्णा एवढंच म्हणाले, ‘‘मी आयुष्यभर टायर बघून सांगितलं की हा काढ, आणि तू तो झाकायचं औषध विकतोस.’’

पुढच्या छपाईत आम्ही लेबल बदललं. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात : ही पॉलिश टायर नवा करत नाही. तारखेचे चार आकडे वाचा. नक्षीच्या खाचेत उंचवटा दिसतो, तो 1.6 मिलिमीटरचा. रबर त्याच्या बरोबरीला आलं की टायर बदला. चिरा असतील तर आधी टायरवाल्याला दाखवा. त्याखाली वापरायची रीत. टायर गार असावा. शाम्पूच्या पाण्यात कडक ब्रशने घासा, फेस तपकिरी निघतो, तो पांढरा निघेपर्यंत. पूर्ण वाळू द्या. स्पंजवर थोडंच घेऊन फक्त बगलेला लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादाचं पुसा. नक्षीवर कधीही लावू नका, ब्रेक मारताना गाडी घसरेल. आणि लाल अक्षरात, दुचाकीसाठी नाही. वळताना दुचाकी टायरच्या कडेवरच टेकते, तिथे सिलिकॉन म्हणजे घात. तरी दर दसऱ्याला कोणीतरी विचारतंच, ‘‘बुलेटला चालेल ना?’’

लेबल बदलल्यावर सहा महिन्यांत चार विक्रेते सुटले. खप जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घसरला आणि एका पॅकिंगवाल्या ताईंना काही महिने अर्ध्या दिवसावर बोलवावं लागलं, त्याचं अजून वाईट वाटतं. भरून निघालं ते हळूहळू, वॉशिंग सेंटरवाल्यांमुळे. दारावर ठिपके उडाल्याच्या तक्रारी थांबल्या, एवढं त्यांना पुरेसं होतं. आज शेड आमची आहे, कोपरा नाही, आणि आम्ही नऊ जण आहोत. त्या ताई बॅचची तपासणी बघतात. पहिली बाटली उघडून वास त्याच घेतात, मेच्या त्या बाटल्यांची गोष्ट त्यांना पाठ आहे.

तो 3109वाला विक्रेता गेल्या वर्षी आला होता. म्हणाला, ‘‘भाऊ, माल तुमचाच बरा आहे, पण बिनलेबलचा कॅन द्या.’’ नाही म्हटलं. आता तो दुकानातून घेतो आणि लेबल सोलून वापरतो असं ऐकलं. म्हणून हल्ली तोच मजकूर आम्ही बाटलीच्या प्लॅस्टिकवर उठवून घ्यायचं बघतोय. साचा महाग आहे. अण्णा रोज विचारतात कुठवर आलं.