हिरड्यांचा आजार आणि विषाणूंवरचा संशय

एकाच तोंडातले, एकाच ब्रशने घासले जाणारे दोन शेजारी दात असतात. त्यांतल्या एकाच्या मुळाभोवतीचे हाड झिजत जाते आणि दुसरा ठणठणीत राहतो. आपण ज्याला सर्रास पायरिया म्हणतो, त्या आजाराचे हे कोडे केवळ जिवाणूंकडे बोट दाखवून पुरते सुटत नाही. डेन्मार्कमध्ये १९६५ साली हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या स्वयंसेवकांना दात घासणे थांबवायला लावले, तेव्हा सुमारे तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. प्लाकमुळे, म्हणजे दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थरामुळे, हिरड्या सुजतात, हे त्यातून निर्विवाद ठरले. मात्र सूज असलेल्या प्रत्येकाचे हाड झिजत नाही, आणि ज्यांचे झिजते त्यांचेही बरेचदा सलग न झिजता मध्येच उसळी घेऊन झिजते. हे असे का, याचे उत्तर त्या प्रयोगात नव्हते.

ही पोकळी भरण्यासाठी अमेरिकेतील योर्गन स्लॉट्स आणि अडोल्फो कॉन्ट्रेरास यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यापासून हर्पिस कुळातील विषाणूंकडे लक्ष वेधले. एपस्टाइन-बार आणि सायटोमेगॅलो हे त्यांतले दोन मुख्य संशयित. पहिला प्रामुख्याने बी-पेशींमध्ये आणि दुसरा मोनोसाइट व मॅक्रोफेज पेशींमध्ये घर करतो. म्हणजे हिरडीचे रक्षण ज्यांनी करायचे, त्याच पेशींत. एकदा शरीरात शिरला की यांतला कोणताही विषाणू आयुष्यभर सुप्तावस्थेत राहतो आणि प्रतिकारशक्ती ढळली की जागा होतो. तो जागा झाल्यावर दाह वाढवणारी रसायने स्रवतात, हाड विरघळवणाऱ्या पेशींना चालना मिळते आणि स्थानिक बचाव दुबळा झाल्याने पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या जिवाणूंना मोकळे रान मिळते, असा हा तर्क आहे. उलट दिशेचा धागाही सापडला आहे: हाच जिवाणू तयार करत असलेले ब्युटिरिक आम्ल सुप्त एपस्टाइन-बार विषाणूला जागे करू शकते, असे जपानी संशोधकांना प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये दिसले. आजाराच्या उसळ्यांचे स्पष्टीकरण म्हणून मला हा परस्परसंबंध सर्वांत पटण्याजोगा वाटतो.

नेरूळला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या दाढा हलू लागल्या, तेव्हा हे कुठेतरी वाचून तिने विचारले होते, "विषाणू असेल, तर त्यावरची गोळी का देत नाहीत?" प्रश्न रास्त होता, पण विषाणू हेच कारण आहे, असे गृहीतक त्यात दडलेले होते.

जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना एपस्टाइन-बारची लागण होऊन गेलेली असते, त्यामुळे रोगट हिरडीत तो सापडणे हा गुन्ह्याचा पुरावा ठरत नाही. दाह झालेल्या जागी रक्तातून पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने येतात आणि त्यांच्यासोबत त्यांच्यातला विषाणूही येतो. म्हणजे तो आजाराचे कारण नसून परिणामही असू शकतो. शिवाय निरनिराळ्या अभ्यासांत विषाणू सापडण्याचे प्रमाण फार वेगवेगळे आहे. हाड झिजण्याआधी त्याच जागी विषाणू वाढला होता, हे एकाच रुग्णांवर दीर्घकाळ नजर ठेवून दाखवता आले, तर संशयाला वजन येईल. स्केलिंग (दातांवरचे किटण खरवडून काढणे) आणि मुळांच्या सफाईनंतर हिरडी व दात यांच्यामधल्या कप्प्यांतील विषाणूंचे प्रमाण घटल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे, पण त्यातूनही आधी कोण आणि नंतर कोण हे ठरत नाही.

म्हणून मावशीला विषाणूविरोधी गोळी मिळाली नाही, स्केलिंग मिळाले आणि रक्तातली साखर तपासण्याचा सल्ला मिळाला, हे मला योग्यच वाटते. मधुमेह आणि तंबाखू या दोन कारणांविषयीचा पुरावा विषाणूंविषयीच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. लहान मुलांना हर्पिस सिम्प्लेक्सच्या पहिल्या लागणीत ताप येऊन हिरड्या लालबुंद होतात आणि तोंडभर फोड उठतात, ते प्रकरण मात्र वेगळे आहे. तिथे विषाणू हाच थेट कारण असतो आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांनी असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू केले, तर आजाराचे दिवस कमी होतात.